यादी माझ्याच अक्षरातली

३ फेब्रुवारी, सोमवार

भरताची वांगी, मेथी, ओला हरभरा.

रतिलालभाऊंनी संघाची मीटिंग आज आमच्या जागेसमोरच घेतली. एक तर तिथे लिंबाची सावली आहे, आणि दुसरं म्हणजे वांगी निवडता निवडता मी कागद वाचून दाखवते. आमच्या भाजीविक्रेता संघात जागा चौसष्ट, अध्यक्ष एक, आणि बारावीच्या पुढे गेलेली मी एकटी, तीही अमळनेरच्या कॉलेजात एकच वर्ष. एरवी माझ्या तोंडाला सगळे वैतागलेले असतात, पण कागद आला की कोकिळा आठवते.

कागद हायकोर्टाच्या खंडपीठाकडून आलेला. कापसाच्या जुन्या जिनिंगच्या भिंतीलगतची ही बाजारपट्टी रिकामी करा, रस्ता रुंद करायचाय, अशी नोटीस दिवाळीत मिळाली होती. त्यावर रतिलालभाऊंनी ओळखीच्या वकिलाकडून याचिका ठोकली होती, संघाच्या नावानं. वर ठळक अक्षरात संघ, खाली 'तर्फे अध्यक्ष' आणि त्यांचं संपूर्ण नाव. न्यायाधीशांनी म्हणे विचारलं, धंदा करायचा हक्क राज्यघटनेनं नागरिकांना दिलाय, हा संघ कुठला नागरिक? शेवटी याचिका मागे घ्यायची आणि माणसांच्या नावानं नव्यानं करायची, एवढी सवड मिळाली.

रतिलालभाऊंचं म्हणणं, संघ म्हणजे आपणच ना सगळे? मी म्हटलं, भाऊ, संघाला कधी भूक लागलेली पाहिलीय का? बाया हसल्या, भाऊंना राग आला. पण नवा वकील शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. हसवणाऱ्याला काम लागतं हे मला अजून कळलेलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मेथी, पालक, वांगी थोडीच. जागेवर आईला बसवून धुळ्याला जाऊन आले.

वकीलबाईंचं नाव कहकशा पिंजारी. ऑफिस त्यांच्या वडिलांच्या गादीच्या दुकानावरच्या माळ्यावर. जिना चढताना कापसाचे तंतू नाकात जातात, आणि फायलींवरही तेच. वय तिशीच्या आतबाहेर. मला वाटलं ही पोर काय करणार, पण तिनं समजावलं ते मला एका बैठकीत कळलं, आणि आजवर असं एकाही वकिलाचं कळलेलं नाही.

ती म्हणाली, घटनेतले काही हक्क 'व्यक्ती'ला आहेत. समानतेनं वागवून घ्यायचा हक्क परदेशी माणसालाही आहे. पण धंदा करायचा हक्क फक्त 'नागरिका'ला. संघ, कंपनी, ट्रस्ट यांना कायदा कागदावर माणूस मानतो, नागरिक मानत नाही. म्हणून नावं हवीत. जागेवर जो रोज बसतो त्याचं नाव, मालकाचं नको, कारभाऱ्याचं नको. परत परत तेच सांगत होती. मला जरा रागच आला, मी काय दुसरीतली आहे का.

परतताना बसस्टँडवर राज्यघटनेचं एक पातळ पुस्तक घेतलं. गाडीत वाचलं. 'सर्व नागरिकांस' असा शब्द आहे. मी अठरा वर्षं त्या जागेवर बसतेय, मत देते, माझ्या नावाचं आधारकार्ड आहे. म्हणजे ते माझ्यासाठीच लिहिलेलं आहे. हे वाचून मला उगाचच नवी साडी नेसल्यासारखं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाजाराचा दिवस. वांगी, मुळा, गाजर, सगळं दुपारपर्यंत संपलं.

यादी लिहून झाली. अक्षर माझं, नावं रतिलालभाऊ सांगत होते. सुरुवातीलाच प्रश्न आला, सखूच्या जागेवर सखू बसते, तिची सून बसते, सणावाराला नवराही बसतो. लिहायचं कुणाला? आई शेजारी बसून हरभरा सोलत होती. तिनं सोडवून टाकलं. "कानबाईना रोटले कसं मोजतस? तसंच मोजा. घर एक, चुल्हा एक."

श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा आमच्या खानदेशात नैवेद्याचे रोट करतात, जाड पोळ्यांसारखे. त्याचं धान्य मोजताना घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू. बायका मोजत नाहीत. लेकी तर नाहीतच, लेकींना माहेरचे रोट चालतही नाहीत. लहानपणापासून पाहिलेलं, कुणाला विचारायची गरजच पडली नाही. तशीच यादी झाली. ज्याच्या घरात कर्ता पुरुष त्याचं नाव. चौसष्ट जागांवर बसतात बेचाळीस बाया, आणि यादीत बायांची नावं आली तीन, त्यातली दोन घरात पुरुषच नाही म्हणून.

तिसरी मेहरुन. माझ्या डाव्या हाताला लिंबू-मिरची घेऊन बसते. तिच्या घरात भाऊ आहे, दीर आहे, रतिलालभाऊ दिराचं नाव सांगत होते. ती उठून उभी राहिली. "हमारे में रोट नहीं होता भाऊ. मेरा नाम मेरेच नाम से लिख, कोकिळा." मी तिची टिंगल केली, म्हटलं हिला हायकोर्टात फोटो लावायचाय. पण लिहिलं.

आमच्या जागेसमोर मी प्रेमराजचं नाव लिहिलं. प्रेमराज माझा धाकटा भाऊ. जळगावला पाइपच्या कारखान्यात आहे, सुट्टीला घरी येतो. जागेवर तो कधी बसलेला नाही, पण घर त्याचं. मी नांदून परत आले तेव्हा त्यानंच दार उघडलं होतं. लिहिताना पेन अडलं नाही, हे खरं ते लिहून ठेवते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पालक, कांद्याची पात. दुपारनंतर धुळे.

वकीलबाईंनी यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, मी तुमचा बाजार बघून आलेय, मला तर बायाच दिसल्या. एवढे पुरुष कुठे बसतात? मी म्हटलं, एकच आहे ते, घर एक, नाव कुणाचंही असलं तरी काय.

"कायद्याला घर दिसत नाही, कोकिळाताई. माणूस दिसतो. तुमचं नाव कुठाय?"

मी बेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. प्रेमराज.

"मी तुमचं नाव विचारलं."

मी बोट ओळीवरून काढून घेतलं. तिनं सांगितलं, मी दोन दिवस थांबते. परवा बारापर्यंत फोन करा, मी नावं बदलून घेते. जिना उतरताना मला तिचा थोडा रागच आला होता. शिकलेल्यांना घरातलं काही कळत नाही, असं मनात म्हटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मेथी, वांगी.

काल प्रेमराजला फोन केला होता. तो म्हणाला, "अक्का, माझं नाव काय आन् तुझं काय. परत सगळे कागद करायचे, तारीख चुकली तर चौसष्ट घरांचे शिव्याशाप तुझ्या डोक्यावर." तेही खरंच. रतिलालभाऊंनाही विचारलं, ते म्हणाले, झालेल्या यादीत हात घालू नको.

बारा वाजून गेले. गिऱ्हाईक होतं, फोन केला नाही. गिऱ्हाईक नसतं तरी केला नसता.

४ मार्च, मंगळवार

गवार, कैऱ्या दिसायला लागल्या.

बाजार किती जुना आहे ते सांगायला जुन्या लोकांची प्रतिज्ञापत्रं हवीत. आमच्याकडून आईचं. आई माझ्याआधी पस्तीस वर्षं याच जागेवर बसली, तेव्हा छत्री नव्हती, डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसायची. कागद वाचून दाखवला तर तिनं सवयीनं अंगठा पुढे केला. रेशनकार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडे तिचा अंगठाच आहे. मला एकदम चीड आली. म्हटलं, तुला नाव आहे ना, मग नाव लिही.

तर आता दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की आमची शाळा भरते. तराजूचं परडं उलटं करायचं, त्याच्या काळ्या पाठीवर खडूनं लिहायचं. 'ताईबाई' एवढंच. पहिल्या दिवशी तिनं खडू मिरचीसारखा धरला. मेहरुन म्हणते, बुढिया को बॅरिस्टर बना रही क्या. आई पुसते आणि परत लिहिते. भाजी निवडताना इतकं मन लावलेलं मी तिला पाहिलेलं नाही.

१२ मार्च, बुधवार

गवार, चवळी.

आईनं स्टॅम्पपेपरवर सही केली. साडेचार मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. नोटरीनं विचारलं, आजी, शाळेत गेला होता का? आई म्हणाली, लेकनी शिकाडं. घरी येताना सगळ्या बाजारला सांगत आली. प्रतिज्ञापत्रावरचा तो एक शब्द बघून मला रडू आलं, ते मी कांद्यावर घातलं.

नवी याचिका दाखल झाली. चौसष्ट नागरिक विरुद्ध सरकार आणि इतर.

२१ मार्च, शुक्रवार

आज भाजी विकली की उधळली ते आठवत नाही. स्थगिती मिळाली!

खंडपीठाचा आदेश आहे, यादीतल्या कुणालाही हटवू नये. पालिकेनं जागेची पाहणी करून ज्याच्या त्याच्या नावानं विक्री परवाना द्यावा. वकीलबाईंनी फोनवर वाचून दाखवलं आणि पुढे म्हणाली, परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, हे लक्षात ठेवा. मी आनंदात होते, हो हो म्हटलं.

संध्याकाळी सत्कार झाला. रतिलालभाऊंना शाल, भाषणात त्यांनी स्वतःचं नाव सहा वेळा घेतलं. धुळ्याच्या बारा खेपा मी घातल्या, मला नारळ. आमच्यात हातात नारळ देणं म्हणजे घरी पाठवणं, म्हणून मी तो तिथल्या तिथे फोडून वाटून टाकला. सगळे हसले. मीही हसले.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

जागा बंद. अक्षय्य तृतीया, वर्षातून एवढ्या एका सणाला लेकीबाळींचा मान.

प्रेमराज जळगावहून माझ्यासाठी साडी घेऊन आला, मोरपंखी. अठरा वर्षांत पहिल्यांदा. ललितनं, म्हणजे त्याच्या मुलानं, दारातल्या लिंबाला झोका बांधला आणि मला हात धरून बसवलं. सत्तेचाळीस वर्षांची बाई झोक्यावर! ललितला मीच अंगाखांद्यावर वाढवलं. आयटीआय करून दीड वर्ष घरी आहे, मोबाईल दुरुस्तीचं काहीतरी डोक्यात आहे त्याच्या. दुपारी तो जागेवर जाऊन टेपनं लांबी-रुंदी मोजत होता. मी विचारलं तर म्हणाला, आत्या, तुला वरून पत्र्याचं छत करून देतो, ऊन लागतं ना.

खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या. पोर माझ्या उन्हाचा विचार करतंय, आणि मी उगाच त्याला आळशी म्हणत होते.

१४ जून, शनिवार

तांदुळजा, गिलके, कोथिंबीर महाग.

प्रेमराजचा फोन. आईच्या डोळ्यांत सारा आलाय, बुधवारी तिला धुळ्याला डॉक्टरकडे ने, त्यानं नंबर लावून ठेवलाय. मी म्हटलं बुधवारी जागा कोण बघणार? तर म्हणाला, मी सुट्टी टाकून येतो, मी बसतो जागेवर. माझा कानांवर विश्वास बसेना. प्रेमराज, आणि गिलके विकणार! त्याला सांगितलं, जुडीवर पाणी मारत राहा, आणि मेहरुनशी भांडू नको. मेहरुन नेमकी लग्नाला मालेगावला जाणार आहे, म्हणजे तेही नाही.

१८ जून, बुधवार

आज भाजी नाही. आईला घेऊन धुळे.

डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू पिकला नाही, घाई नाही. अकराला आम्ही मोकळ्या. मला वाटलं पहिली एसटी पकडावी, पण आईला देवीचं दर्शन घ्यायचं होतं, मग बांगड्या बघायच्या होत्या, मग पाय दुखायला लागले. तीन गाड्या सोडल्या. आईला इतकं फिरावंसं वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बरंच वाटलं. दोघींनी स्टँडवर भजी खाल्ली.

गाडीत आई खिडकीशी बसली. मग म्हणाली, "एक डाव सही करी दिधी, ते ती परत लेता येस का, माय?"

मी हसले. म्हटलं, नाही गं, म्हणून तर जपून करायची. अंगठा काय, धरून कुणीही लावून घेतं. सही आपली आपण करतो. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. या वयात शिकली ना, म्हणून सारखं तेच डोक्यात.

संध्याकाळी जागेवर गेले. प्रेमराजनं अर्धी गिलके तशीच ठेवलेली, पण जागा झाडून लख्ख, आणि अंगावर इस्त्रीचा शर्ट. भाजी विकायला इस्त्री करून आला, मी पोट धरून हसले.

८ जुलै, मंगळवार

कर्टुले, अंबाडी, गिलके.

आज सगळं क्रमानं लिहिते.

पालिकेचे लोक परवाने वाटायला आले. प्लॅस्टिकचं कार्ड, त्यावर नाव, जागेचा क्रमांक आणि जागेवर बसलेल्या माणसाचा फोटो. बेचाळीस नंबर पुकारला. मी हात पुसून पुढे झाले. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, प्रेमराज कोण? मी म्हटलं, माझा भाऊ, द्या इकडे. ते म्हणाले, ज्याचं त्यालाच देता येतं, फोटो बघा.

फोटोत माझी छत्री, माझा तराजू, माझी गिलके. मागे प्रेमराज, इस्त्रीच्या शर्टात. खाली पाहणीची तारीख, अठरा जून.

पाहणीची खबर आठ दिवस आधी फोनवर गेली होती. यादीत ज्याचं नाव त्यालाच फोन. रतिलालभाऊ म्हणाले, तुला घरातून कळलं असेल असं वाटलं. मेहरुन लग्नावरून तेवढ्या पाहणीपुरती परत येऊन जागेवर बसली होती, कारण तिला फोन आला होता. तिच्या कार्डावर तिचा फोटो आहे. मला तिनं का सांगितलं नाही विचारलं, तर तिचे डोळे भरले. तिला प्रेमराजनं सांगितलं होतं, अक्काला माहीत आहे, तिनंच मला बसवलंय.

तीन गाड्या. बांगड्या. देवीचं दर्शन. आता एकेक आठवतंय आणि एकेक गोष्ट सरळ होत चाललीय.

१३ जुलै, रविवार

कर्टुले.

प्रेमराज आला. मी ठरवलं होतं ओरडायचं नाही, आणि ओरडले नाही, त्याचंच मला नवल वाटतं. विचारलं, हे कसलं रे वागणं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, ललितला कुठेतरी उभं करायचंय. तिथे तो मोबाईलची टपरी टाकेल. तू घरीच आहेस, दोन घास तुला कुणी नाही म्हटलंय का? मी म्हटलं, जागा माझी आहे. तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"अक्का, नाव तू लिहिलंस. तुझ्याच अक्षरात आहे. मी लिही म्हणालो होतो का?"

याचं उत्तर मी दिवसभर शोधलं. वकीलबाईंनी सांगितलं होतं, बारापर्यंत फोन करा. शिकलेल्यांना घरातलं काही कळत नाही, असं मी म्हटलं होतं. घरातलं मलाच कळत नव्हतं.

२१ जुलै, सोमवार

पत्र्याचं छत झालं. खाली टपरी बसली, निळ्या रंगाची. ललितनं माझा तराजू काढून मेहरुनच्या पोत्यांवर नीट ठेवला, वर फडकंही झाकलं. पाया पडला आणि म्हणाला, आत्या, रागवू नको. छत खरंच करून दिलं म्हणायचं.

मेहरुननं आपल्या टोपल्या हातभर सरकवल्या. मी तिच्या जागेच्या कडेला बसते. अंबाडी आणि लिंबू, शेजारी शेजारी. गिऱ्हाईक येतं आणि टपरीला विचारतं, इथली बाई कुठे गेली?

२९ जुलै, मंगळवार

आज भाजी नाही. धुळे.

परवान्यावर हरकत घ्यायला महिन्याची मुदत असते. वकीलबाईंनी पालिकेकडून बेचाळीस नंबरची सगळी फाईल मागवली होती. ती रागावेल असं वाटलं होतं. 'मी सांगितलं होतं' एवढंसुद्धा म्हणाली नाही. त्यानं मला जास्त लाज वाटली.

फाईलमध्ये एक प्रतिज्ञापत्र निघालं, सोळा जूनचं. मी खाली सही करणारी सदर जागेवर पस्तीस वर्षं भाजीविक्री करत होते, माझ्यानंतर हा व्यवसाय माझा मुलगा प्रेमराज चालवतो, माझी मुलगी कोकिळा ही अधूनमधून मदतीस बसते.

अठरा वर्षं. अधूनमधून.

खाली सही. ताईबाई. शेवटचं अक्षर थोडं खाली उतरलेलं, परड्यावर उतरायचं तसंच. प्रेमराजनं केलं ते मी सोसलं असतं. पण तिथे, त्या कापसाच्या माळ्यावर, मी त्या पोरीसमोर मोठ्यानं रडले. तिनं दार लोटून घेतलं आणि खालून चहा मागवला.

मग तिनं विचारलं, तुम्ही जागेवर रोज बसता याचा काही लेखी पुरावा आहे का? मी म्हटलं, माझ्याकडे कसला पुरावा. पिशवीतून पाण्याची बाटली काढताना ही डायरी बाहेर आली. तिनं विचारलं, हे काय? मी सांगितलं, रोज काय भाजी आणली ते लिहिते, आणि मनातलं थोडं. अशा आणखी किती आहेत? डाळमिलवाले शेठ दरवर्षी देतात. अठरा आहेत.

ती पुढे वाकली. म्हणाली, पुढच्या मंगळवारी सगळ्या घेऊन या.

२ ऑगस्ट, शनिवार

अंबाडी, दोडके.

उद्या कानबाई बसणार. प्रेमराज आलाय. घर सारवून झालं. मी या घरात कुणाशी बोलत नाही, पण काम करते. कामाशी माझं भांडण नाही.

दुपारी आई सूप घेऊन बसली. प्रेमराजच्या नावानं सव्वा मूठ गहू, ललितच्या नावानं सव्वा मूठ. सत्तर वर्षांचा हात, तरी एक दाणा बाहेर सांडत नाही. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, पोत्यात पुन्हा हात घातला आणि तिसरी मूठ घेतली.

"ही तुनी शे."

सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. सहा महिन्यांपूर्वी टाकली असती तर मी वेडी झाले असते आनंदानं. आता त्या गव्हाकडे बघून मला वाटलं, माझी मूठ असती तर ती मोजली गेली असती, अशी हळूच टाकावी लागली नसती. उद्या मनात आलं तर हाच हात ती काढूनही घेईल.

मी म्हटलं, "आई, मूठ राहू दे. त्या कागदावर काय लिहिलं होतं, ते तुला माहीत होतं का?"

तिनं खोटं बोलायला हवं होतं. माहीत नव्हतं म्हणाली असती, पोरांनी फसवलं म्हणाली असती, तर मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं असतं.

"माहीत व्हतं. ललितनी दोन डाव वाची दखाडं." सूप खाली ठेवलं. "तुना मांगे कोन शे, माय? पोऱ्याना नाववर ऱ्हायनी ते जागा घरमा ऱ्हाई."

माझ्या मागे कोण आहे. मीच आहे ना. मी पुढे आणि मीच मागे. पण हे मी तिला म्हटलं नाही, इथे लिहितेय. सुपातली तिसरी मूठ मी उचलून परत पोत्यात टाकली. आईनं रिकामा हात पदराला पुसला.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज भाजी नाही. धुळे, वकीलबाईंच्या माळ्यावर बसून लिहितेय. हे पान झालं की वही त्यांच्या टेबलावर जाईल.

अठरा डायऱ्या पिशवीतून आणल्या, खांदा भरून आलाय. बाईंनी मधूनमधून पानं उघडून पाहिली. वांगी, मेथी, गवार, अंबाडी. भाजीचं नाव नाही असं पान शोधावं लागतं, असं म्हणाली आणि खूश झाली. मग या वर्षीची वाचायला घेतली तेव्हा तिचा चेहरा उतरला. अठरा जूनला आज भाजी नाही. सोळा फेब्रुवारीला पेन अडलं नाही. तिनं विचारलं, ही पानं समोरचे वाचतील, तुमच्यावरच उलटवतील. द्यायची ना? मी म्हटलं, पानं फाडली तर तीही माझ्याच हातची होतील. सगळी द्या. प्रेमराजबद्दल, रतिलालभाऊंबद्दल, तुमच्याबद्दल मनात जे म्हटलं तेही आहे त्यात, वाचा.

ती थोडी हसली. मग फाईलमधला तो सोळा जूनचा कागद माझ्यासमोर ठेवला. तिचं म्हणणं असं, की हाच कागद सगळ्यात जड आहे. बाकी सगळं हलवता येईल. पण रेशनकार्डावर, बँकेत, मतदानाच्या कागदांवर आईचा अंगठा आहे. सही असलेला दुसरा एकच कागद आपण मार्चमध्ये दिलेला. ती बघून अंगठा लावणाऱ्या बाईच्या नावानं कुणीतरी सही गिरवली, असं म्हटलं तर हे प्रतिज्ञापत्र उभं राहणार नाही. पण खोटं मी लिहिणार नाही, म्हणाली. म्हणून तुम्हाला विचारते, ही सही त्यांचीच आहे का?

मी कागद उजेडात धरला. खालून गादीवाल्याच्या यंत्राचा आवाज येत होता. खाली उतरलेलं ते शेवटचं अक्षर. उलटं परडं, खडू, मेहरुनची टिंगल, नोटरीसमोर साडेचार मिनिटं. नाही म्हटलं की जागा जवळजवळ माझी. नाही म्हटलं की आई पुन्हा अंगठा.

"सही तिचीच आहे," मी म्हटलं. "मी शिकवलीय."